नाताळच्या सुट्टीत येताय, तर…

दापोली,
भाऊबीज

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पाडव्याला हातात पडलं. तुमच्या क्लबाने नाताळची सुट्टी दापोलीत काढायची ठरवलीय, २५ डिसेंबरला कातकरी वाडीत चादरी, कपडे आणि खाऊ वाटायचाय, आणि बस ठरवण्याआधी तुला माझं मत हवंय. वाचून फार बरं वाटलं. ठाण्याला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझा जीव इकडेच आहे. म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. या, जरूर या. पण २५ डिसेंबरला त्या वाडीत गेलात तर तुम्हाला माणसं भेटायची नाहीत.

दिवाळी सरली की वाडी रिकामी व्हायला लागते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा ठेकेदार उचल देऊन गेलेला असतो. ती फेडायला नवरा-बायको वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात, आणि पोरांना कुणाकडे ठेवणार म्हणून तीही बरोबर जातात. शाळेचं वर्ष तिथेच मोडतं. पुढचा पाऊस तोंडावर आला की माणसं परत येतात. मधल्या काळात वाडीत राहतात ती म्हातारी माणसं आणि एखादी बाळंतीण. तुमच्या चादरी घ्यायला तेवढीच उरतील. शिवाय आपल्याकडची थंडी तुला ठाऊक आहे. खळ्यात शेकोटी केली की भागते.

धनत्रयोदशीला आमचं मंडळ तिथे फराळ घेऊन गेलं होतं. त्याला मी कमी लेखत नाही. सणाच्या दिवशी कुणीतरी आपल्या दारात आलं, बसलं, बोललं, याला मोल आहे, आणि पोरांनी करंज्या खाल्ल्या तो आनंद खरा होता. पण एका बाईने पुडा घेतला, बाजूला ठेवला आणि आढ्याला खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे केली. आत कागद होते. रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव एक, आधारवर दुसरं. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी वाडीचं नाव. एका अर्जाची पोचपावती, घडीवर फाटलेली. ती म्हणाली, ‘दादा, येवढं वाचून सांगा, कुठं अडलंय.’ मी ओट्यावर बसून वाचत गेलो, तोवर आणखी चार घरांतून अशाच पिशव्या आल्या. फराळ वाटून संपला तरी त्या पिशव्या संपेनात.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिदुर्बळ आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. सरकारी योजना त्यांच्यासाठी आहेत, पण आश्रमशाळा, शिष्यवृत्ती, घरकुल, कशाच्याही दारात पहिल्यांदा जातीचा दाखला मागतात. त्याला १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबाच्या नावावर ना जमीन होती ना शाळेच्या पटावर नाव, त्याने तो कुठून आणायचा? मग शाळेच्या जुन्या रजिस्टरात चुलत आजोबाचं नाव सापडतं का ते बघायचं, वंशावळ लिहायची, गृहचौकशी करून घ्यायची, प्रांत कार्यालयात फाइल पुढे सरकतेय की नाही ते पाहायचं. यातलं एकही काम एका दिवसात होत नाही. दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला चार फेऱ्या मारणं त्यांना परवडत नाही, आणि पहिल्या फेरीत कुणी खेकसलं की दुसरी फेरी होतच नाही. आपल्यासारख्या माणसाने बरोबर जायचं, एवढ्यानेच अर्धं काम होतं.

तू सभासदांची यादी पाठवलीस, त्यात एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत. मला बसभर चादरींपेक्षा ते हवे आहेत. त्यांनी एकदा येऊन आमच्या पोरांना अर्ज कसा भरायचा, कुठला पुरावा कुठे शोधायचा, चूक कुठे होते, हे समजावलं तरी पुढचं आम्ही बघू. मी हे अगदी मनापासून मागतोय.

आता कपड्यांचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा इथून आम्ही सगळे गेलो होतो हे तुला माहीत आहे. सगळ्या महाराष्ट्रातून गाड्या आल्या. त्या माणुसकीचं मला आजही भरून येतं. पण जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात भिजून कुजत पडले होते, आणि ते उचलायलाच पुन्हा माणसं लागत होती. त्या आठवड्यात हवे होते फावडी, घमेली, खराटे, फिनेल, प्यायचं पाणी आणि ती फावडी चालवणारे हात. पुराचा चिखल ओला असतानाच काढावा लागतो. एकदा वाळला की तो फरशीला आणि शटरच्या खाचेत असा धरतो की पहार लावावी लागते. टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या दीडशे वर्षांहून जुन्या वाचनालयाची पुस्तकं त्या पाण्यात गेली. ज्या मंडळांनी आल्या आल्या ‘काय आणलंय’ हे सांगण्याऐवजी ‘काय करू’ असं विचारलं, त्यांचं काम आजही चिपळूणकर नावानिशी सांगतात. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळात आपल्याकडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हाही तेच. तांदळाचे कट्टे आले, तेही लागत होतेच. पण बागेतली पडलेली झाडं तोडून वाट मोकळी करायला करवतवाला मिळत नव्हता.

मग नाताळात तुम्ही काय करायचं? बंधारा घाला.

आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. बाहेरच्याला हे पटत नाही. तुला पटवायला नको, तुझ्या आजीने पाखाडी चढून हंडे वाहिलेत. सगळी उताराची जमीन आणि खाली जांभ्याचा खडक. पाणी मुरतं ते झिरपून निघून जातं आणि उरलेलं पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, खाडीला मिळतं. पाऊस थांबल्यावर पऱ्या वाहता आहे तोवर त्याला आडवा बांध घातला तर ते पाणी थोडं अडतं. मोहन धारियांच्या वनराई संस्थेमुळे त्याला वनराई बंधारा म्हणतात. धारिया आपल्या जवळच्याच महाड तालुक्यातले, नाते गावचे. डिसेंबरअखेर म्हणजे तसा उशीरच, बरेच पऱ्ये तोवर आटतात. पण तुझ्या घराच्या वाडीखालचा पऱ्या नाताळापर्यंत वाहता राहील, मी परवाच बघून आलो.

काम कष्टाचं आहे पण अवघड नाही. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, सुतळी, दाभण, फावडी, बस्स. पिशव्या पाऊणच भरायच्या. गच्च भरली तर ती दबत नाही आणि शेजारच्या पिशवीशी फट राहते. तोंड शिवून घ्यायचं. तळाचा गाळ आणि पाला साफ करून पहिला थर नीट बसवायचा, कारण पाणी नेहमी खालून वाट काढतं. मग थरावर थर, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दोन रांगा घालून मधे चिकणमाती चोपायची. साखळी करून पिशव्या हातोहात दिल्या की वीस माणसांत एका दिवसात छोटा बांध उभा राहतो. संध्याकाळपर्यंत वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं दिसतं. गुरांना पाणी मिळतं, बायकांना धुणं धुवायला लांब जावं लागत नाही, काठच्या मळ्यात वाल आणि वांगी होतात आणि खालच्या विहिरीचं पाणी काही आठवडे जास्त टिकतं. पावसात तो वाहून जातो, म्हणून दर वर्षी घालावा लागतो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की तुझ्या वाडीतली माणसंही तुमच्याबरोबर पाण्यात उतरतील. पिशवी हातात देणारा शहरातला आणि घेणारा वाडीतला, पुढच्या घडीला उलट. कुणालाही रांगेत उभं राहून हात पसरावा लागत नाही, आणि दुपारी पिठी-भात एकाच पंगतीला.

रक्तदानाचंही तू विचारलंस. शिबिर नाताळात नको, मे महिन्यात घे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी शिबिरांची इतकी गर्दी होते की रक्त एकदम साठतं. लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. आणि एकदा दिलेल्या पुरुषाला पुढचे तीन महिने, बाईला चार महिने देता येत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शहरातली माणसं गावाला गेलेली असतात आणि रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. आता बघ, शहरातली ती माणसं जातात कुठे? आपल्याकडेच येतात की! वाडीवाडीत मुंबईकर मंडळांच्या क्रिकेटच्या स्पर्धा चालू असतात, धडधाकट शंभर पोरं एका मैदानावर असतात. अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळी रक्तपेढीची गाडी मैदानाशेजारच्या शाळेत उभी करू. पुढच्या मे महिन्यात तुझ्या मंडळाने एवढं मनावर घेतलं तर इथल्या एखाद्या अडलेल्या बाळंतिणीसाठी नातेवाइकांना रात्री गाडी काढून चिपळूण गाठावं लागणार नाही.

वेळेचं हेच मी डोळ्यांच्या शिबिरातही बघितलं. दिवाळीआधी शिबिर ठेवलं की माणसं येत नाहीत, कारण भात कापणीला आलेलं असतं आणि ऑपरेशननंतर वाकायचं नाही म्हटल्यावर कोण तयार होणार? तुळशीचं लग्न झालं, भात घरात आलं, की तीच माणसं आपणहून नाव देतात. ‘मोतीबिंदू पिकू दे, मग काढू’ हा जुना समज अजून पुष्कळांच्या मनात आहे. तो काढावा लागतो, कारण फार पिकलेला काढणं उलट अवघड जातं. पण खरं काम ऑपरेशननंतरचं. मुलं मुंबईला, म्हातारी एकटी, आणि जवळपास महिनाभर डोळ्यात थेंब घालायचे. दोन बाटल्या हातात घेतल्या तर सारख्याच. आमच्या एका कार्यकर्तीने दिवसातून चारदा घालायच्या बाटलीला रबरबँड गुंडाळून दिलं, म्हणजे बोटांना कळतं. शेजारच्या नववीतल्या मुलीला थेंब घालायला शिकवलं आणि स्वतः एक दिवसाआड जाऊन बघून आली. शिबिराच्या फोटोत ती कुठेच नाही. मला ती आमच्या मंडळातली सगळ्यात मोठी माणूस वाटते.

मोठ्या क्लबांबद्दल तुझ्या मनात थोडी अढी दिसते, मला ती पटत नाही. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओचं काम धरलं आणि सोडलं नाही. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो. सरकारी यंत्रणा आणि लाखो आरोग्यसेविका त्यामागे होत्या हे खरंच, पण पंचवीस-तीस वर्षं एकाच कामाला लागून राहणं सोपं नाही. आणि दूर कशाला जायचं? आपल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे मुंबईत असताना त्यांनी ‘मुरुड फंड’ सुरू केला. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्या मुरुडकरांनी कमाईतला थोडा वाटा गावाच्या कामासाठी नेमाने बाजूला काढावा, ही त्यामागची कल्पना. एकोणिसाव्या शतकातली ही गोष्ट. तुमचा ठाण्याचा क्लब दापोलीकरांनी भरलेला आहे. मला वाटतं, दर वर्षी नवी वाडी आणि नवं वाटप शोधण्यापेक्षा तुम्ही एकच वाडी घ्या आणि दहा वर्षं सोडू नका. बंधारा नाताळात, रक्तदान मेमध्ये, दाखल्यांचं काम बारा महिने. त्या भट्टीवर जाणाऱ्या पोरांपैकी जी आजीपाशी राहू शकतील त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय जर तुमच्या पैशातून झाली, तर शाळेचं वर्ष मोडायचं थांबेल. चादरींचे पैसे तिकडे वळवता येतील का, हे सभेत विचार. आमच्या मंडळात यावर बरीच चर्चा झाली आहे आणि दोघी शिक्षिका संध्याकाळी मुलांना घेऊन बसायला तयार आहेत. जागा आहे, माणसं आहेत, जेवणाचा खर्च तेवढा अडलाय.

आता व्यवस्थेचं. पिशव्या आम्ही जमवतो, घरकुलांची कामं चालू आहेत तिथे मिळतील. सुतळी, दाभणं आणि हातमोजे तुम्ही आणा. रबरी बूट असतील तर उत्तम. जुने कपडे आणू नका, आणि आणलेच तर फक्त शाळेचे गणवेशाचे, मापं मी कळवतो. शुक्रवारी रात्री निघालात तर पहाटे पोचाल. राहण्याचं म्हणशील तर तुझं घर गणपतीनंतर बंदच आहे. किल्ली शेजारच्या काकांकडे असेल तर तसं त्यांना फोन करून सांग, मी दोन दिवस आधी झाडून घेतो आणि मोटर चालू करून बघतो. ओटी आणि माजघर मिळून वीस माणसं आरामात झोपतील. वहिनी आणि मुलं येणार असतील तर माळीवरची खोली उघडू.

आणि नायब तहसीलदार साहेबांना तेवढं विचार आणि आठवड्याभरात कळव. कातकरी वाडीतली बरीच घरं तुळशीच्या लग्नानंतर निघतील. ते त्याआधी एखाद्या रविवारी येऊ शकले तर सगळ्यांचे अर्ज माणसं इथे असतानाच भरून होतील. येण्या-जाण्याची आणि जेवणाची जबाबदारी माझी.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा मित्र