बचावबोटीचा पंखा भारावर तपासूनच घ्यावा

संपादक महोदय,

सप्टेंबर 2025 मध्ये सिंदफणा, मांजरा आणि गोदावरीला आलेल्या पुरानंतर नदीकाठच्या गावांना यांत्रिक बोटी हव्यात, ही मागणी रास्तच आहे. पण बोट घेताना सगळे लक्ष इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर असते आणि खोक्यातून आलेला पंखा, म्हणजे पाण्याखाली फिरून बोट पुढे ढकलणारा प्रोपेलर, तसाच बसवला जातो. माणसांनी भरलेली बोट प्रवाहाविरुद्ध न्यायची असेल तर हे परवडणारे नाही.

पंख्यावर बहुधा 10 × 13 असे आकडे असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच 13 म्हणजे पाण्यात अजिबात न घसरता पंखा एका फेऱ्यात 13 इंच पुढे जाईल. घसरण होतेच, आणि बोट जड असेल तितकी ती वाढते.

पिच बरोबर आहे की नाही, हे फक्त आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा मीटर, सांगतो. फुल थ्रॉटलला इंजिन किती फिरले पाहिजे, हे त्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांना ते 5000 ते 6000 असते. बोटीत जितकी माणसे न्यायची तितक्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवाव्यात, पेट्रोलची टाकी भरावी, पंख्याभोवती जाळीचे कडे लावणार असाल तर तेही लावावे आणि मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल देऊन आकडा पाहावा. 4800 वरच अडकला तर पंखा जड आहे, म्हणजे त्याचा पिच इंजिनाला झेपत नाही. पिच एक इंच कमी केल्यावर साधारण 200 फेरे वाढतात, म्हणून 13 काढून 11 लावला की इंजिन 5200 च्या आसपास जाईल. नंतर रिकाम्या बोटीतही पाहावे. आकडा वरची मर्यादा ओलांडत असेल तर चालकाला थ्रॉटल आवरायला शिकवावे. जड पंख्यावर इंजिन दबून चालते, तापते, कार्बन धरते आणि पुढे पिस्टनवर येते. शिवाय ऐन प्रवाहात बोटीला जोर मिळत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरली जाते. जायकवाडी पूर्ण भरते तेव्हा पाणी समुद्रसपाटीपासून 1522 फुटांवर असते. दर हजार फुटांमागे इंजिनाची ताकद साधारण 3 टक्के घटते. त्यामुळे कोकणात बरोबर बसलेला पंखा नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, थोडा जड पडू शकतो. तिकडचा आकडा इकडे उतरवून घेऊ नये.

पुराच्या पाण्याखाली बांध, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडे, तारेची कुंपणे असतात. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमचाच पंखा हवा. पाते वाकते, पण गिअर वाचतो. स्टेनलेस स्टीलचे पाते टिकते खरे, मात्र धक्का गिअरबॉक्सपर्यंत जाऊ शकतो.

इंजिन एकदम रेस होते आणि बोट पुढे सरकत नाही, ही तक्रार नेहमीची. पंखा वरून हवा ओढत असेल तर इंजिन उंच बसले आहे. पंख्याच्या वर इंजिनाला असलेली आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली हवी. ते ठीक असेल तर पंख्याच्या आतला रबर बुश सुटला असण्याची शक्यता आहे. आतल्या आणि बाहेरच्या हबवर रंगाची एकच सरळ रेघ ओढून बोट चालवावी. नंतर रेघ तुटलेली दिसली की बुश गेला.

धरणात आणि नदीत मासेमारीच्या जाळ्यांचा नायलॉन दोरा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि ऑइल सील कापतो. मग पाणी शिरून गिअर ऑइल दुधासारखे होते. म्हणून प्रत्येक मोहिमेनंतर पंखा उतरवावा. आधी किल-स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी आणि स्पार्क प्लगच्या कॅप काढाव्यात, पाते फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा लावावा, मगच नट सोडवावा. बसवताना शाफ्टच्या खाचांना वॉटरप्रूफ ग्रीस, थ्रस्ट वॉशर होता त्याच जागी, आणि स्प्लिट पिन दर वेळी नवी.

खरेदीच्या अटींत भारासह चाचणीचा आकडा लिहून घ्यावा आणि त्याच पिचचा दुसरा पंखा, नट, वॉशर, स्प्लिट पिना व पाना बोटीसोबतच मागावा. सुटे भाग जिल्ह्याच्या गोदामात नकोत, ते बोटीतच हवेत.

आउटबोर्ड इंजिन दुरुस्तीचे काम करणारे,
पैठण