देवळाची प्रदक्षिणा आता अर्धीच होते

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, आमच्या गावात कड्यावर देऊळ आहे. माझ्या लहानपणी शिगम्यात पालखी देवळाला पूर्ण फेरी मारायची. यंदा मानकऱ्यांनी ती उत्तरेच्या कोपऱ्यावरून मागे वळवली. गाभाऱ्यामागे आता जेमतेम चार हात जमीन उरली आहे, त्यापुढे दर्या.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक मंजूर आहे. मोजणीला माणसं आली, चुन्याच्या खुणा करून गेली. त्यानंतर दोन पावसाळे झाले. निधी आला नाही, आणि त्या खुणा कड्यासकट खाली गेल्या.

कडा फक्त लाटांमुळे ढासळत नाही. वर जांभा, खाली शेडी नावाची चिकणमाती. जांभ्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी शेडीवर साचतं आणि तिला लोण्यासारखी मऊ करतं. खालून भरती तीच माती उकरते. आधार सुटला की वरचा जांभा घराएवढ्या तुकड्यांनी कोसळतो. म्हणून पायथ्याला नुसते दगड टाकून भागणार नाही. आधी माथ्यावरचं पाणी गटार काढून देवळापासून दूर वळवायला हवं. ते काम फार खर्चाचं नाही, जूनआधी होऊ शकतं. हे आम्ही अर्जात लिहिलं होतं. उत्तरात पेव्हर ब्लॉक आणि सुशोभीकरणाबद्दल विचारणा आली, याचं फार वाईट वाटलं.

कृपा करून जुनं पाडून स्लॅबचं नवं देऊळ बांधा, असंही कोणी सुचवू नये. कड्याच्या काठावर तेवढा भार म्हणजे संकटाला बोलावणं. शिवाय ती लाकडी खांबांची चौकी, तो चिऱ्याचा दीपस्तंभ परत कोण घडवणार?

नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला आणि आपल्या सरकारने त्याचं नूतनीकरण करून फेब्रुवारी 2023 मध्ये ते लोकार्पण केलं. आम्हा सर्वांना त्याचा अभिमान आहे. पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांसाठी 2022 च्या अर्थसंकल्पात 20 कोटी ठेवले होते. मग जे देऊळ आज उभं आहे, ज्यात रोज दिवा लागतो, त्याने कोसळेपर्यंत वाट का पाहावी?

पहिला हप्ता मे महिन्याआधी सोडा, आणि तो फक्त पाणी वळवण्यासाठी आणि पायथ्यासाठी वापरायचा, अशी अट घाला. भूगर्भतज्ज्ञाला एकदा कडा दाखवा. आपण स्वतः येणार असाल तर अमावास्येच्या भरतीला या. गाभाऱ्यामागे उभं राहिलं की लाट आपटल्याचा हादरा तळपायाला जाणवतो. आमचे भटजी तिथेच रोज सकाळी पूजा करतात.

आपला नम्र,
देवस्थानचा एक महाजन