गळतीचा शोध व्हॉल्व्हपासून सुरू व्हावा

मा. संपादक,

टायरमधील हवा हळूहळू उतरू लागली की बहुतेक जण थेट खिळा शोधू लागतात आणि व्हॉल्व्हकडे कुणी पाहतही नाही, याची खंत वाटते. हवा पुरेशी भरून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा. तो फुगू लागला, तर आतली पिन सैल किंवा खराब झाली आहे, असे समजावे. नंतर रिमची कड तपासावी. गळती सूक्ष्म असल्यास बुडबुडे न येता बारीक पांढरा फेस सावकाश जमतो, म्हणून थोडे थांबून पाहणे आवश्यकच आहे. हवेच्या गादीचे सांधेही असेच तपासता येतात. रुतलेला खिळा दिसलाच, तर तो वाटेत उपटू नये. ट्यूबलेस टायरमधील उरलीसुरली हवा अनेकदा त्यानेच अडवून धरलेली असते.

– एक वाचक