पाय काढण्याचा निर्णय रुग्णाला सोबत घेऊन व्हावा : दोन मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न.

पत्र दोघांना लिहितो आहोत, कारण मराठवाड्यात शुगरच्या रुग्णाच्या पायाची जखम महिनोन्महिने चिघळते ती एका खात्याच्या आरोग्य केंद्रात आणि पाय काढला जातो तो बहुतेकदा दुसऱ्या खात्याच्या मेडिकल कॉलेजात. रुग्णाशी नीट बोलण्याचे काम मधल्या मध्ये राहून जाते.

ओल्या गँगरीनमध्ये, म्हणजे मेलेल्या भागात जंतुसंसर्ग पसरतो तेव्हा, पाय सुजतो, दुर्गंधी येते, ताप चढतो, रक्तदाब घसरतो. तिथे काही तासांत निर्णय हवा. थांबलो तर जीव जातो. याउलट कोरडे, काळे पडलेले बोट, आसपास पू किंवा लाली नाही, अशा वेळी तपासायला आणि विचार करायला दिवस मिळतात. दोन्ही प्रकारच्या रुग्णांना वॉर्डात एकच ऐकवले जाते : उद्या ऑपरेशन, सही करा.

मिळालेल्या दिवसांत काय व्हावे? घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. ते ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिनीत अडथळा आहे. शुगरच्या रुग्णांत मात्र हा आकडा फसवतो. वाहिन्या कडक झाल्याने तो १.४ च्या वर जातो आणि ‘रक्तपुरवठा चांगला’ असा शेरा पडतो. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला हवा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार थोडी. मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य सोडून रक्तवाहिन्यांचे चित्र, आणि वाहिनी उघडता येते का, याचे उत्तर. ते मिळण्याआधीच पाय काढला तर रुग्णाला पर्याय दिला असे म्हणता येत नाही.

खरा पेच गुडघ्याचा : पाय त्याच्या वरून काढायचा की खालून. नातेवाईक म्हणतात, ‘एकदाच वरून काढा, पुन्हा चिरफाड नको.’ भीती रास्त आहे; गुडघ्याखालची जखम न भरल्यास दुसरे ऑपरेशन लागते. पण गुडघा वाचला तर कृत्रिम पायाने चालताना सुमारे पाव पट जादा शक्ती लागते, गुडघ्याच्या वरून काढल्यास निम्म्याहूनही जास्त. थकलेल्या हृदयाचा माणूस मग बहुधा खुर्चीतच राहतो. उलट, आधीच अंथरुणाला खिळलेल्या आणि गुडघा आखडलेल्या रुग्णात गुडघ्याखालून पाय काढल्यास उरलेला भाग टेकून टेकून जखमा होतात. तिथे वरूनच काढणे बरे. वाहिन्यांची माहिती डॉक्टरला असते. संडास अंगणापलीकडे आहे का, दिवाळीनंतर घरची तरणी माणसे ऊसतोडीला गेल्यावर उठवायला कोण असते, हे घरच्यांनाच ठाऊक. दोन्ही एकत्र आल्याशिवाय पातळी ठरवता येत नाही.

अतिवृद्ध, अनेक आजारांच्या रुग्णासाठी पाय न काढता केवळ वेदना शमवणे हाही मार्ग असतो. तो सांगितलाच जात नाही.

आणि सही कोणाची? शुद्धीवरच्या प्रौढ रुग्णाची. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले : रुग्ण स्वतः सक्षम असताना आईची संमती चालत नाही, आणि पर्याय, धोके व नकाराचे परिणाम सांगावे लागतात. वॉर्डात मुलगा किंवा जावई सही करतो. म्हातारीला नंतर कळते. कुटुंब चर्चेत हवेच, पण तिच्या जागी नव्हे.

आमची मागणी एका परिपत्रकाची आहे. संमतीचा एक पानी मराठी नमुना असावा. त्यात निर्णयाला किती वेळ आहे, कोणत्या तपासण्या झाल्या, कुठल्या पातळीवर आणि का, पाय न काढल्यास काय, आणि रुग्णाचे स्वतःचे म्हणणे यांना जागा असावी. वाचता न येणाऱ्याला तो वाचून दाखवावा. रक्तवाहिन्यांचे सर्जन प्रत्यक्ष नसतील तिथे फोटो आणि अहवाल पाठवून दूरस्थ मत घ्यावे. कृत्रिम पाय बसवणारा तंत्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट ऑपरेशनच्या आधी भेटावेत. गुडघ्याखाली उशी ठेवली की सांधा वाकलेलाच आखडतो आणि कृत्रिम पाय बसतच नाही. हे डिस्चार्जच्या दिवशी सांगून उपयोग नसतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मंजुरी मागताना हे पान जोडणे सक्तीचे करा. ओल्या गँगरीनला सूट द्या, मात्र त्याची वेळ आणि कारण लिहून घ्या. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथून सुरुवात करता येईल. नमुन्याचा मसुदा आम्ही तयार करून देऊ.

आपले,
मराठवाड्यातील काही शल्यचिकित्सक, फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयव तंत्रज्ञ