रिचार्जेबल सेलवर नंबर टाकण्याबाबत

सर्व सभासदांस नमस्कार,

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर नंदीध्वज आले आणि नेमका तेव्हाच आपल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद पडला. अजून रुखरुख वाटते. चार सेलपैकी तीन चांगले होते, एक कुठल्यातरी जुन्या संचातला. असा कमजोर सेल आधी रिकामा होतो, मग बाकीचे तीन त्याला उलटा चार्ज करू लागतात आणि तो कायमचा जातो.

म्हणून येत्या रविवारपर्यंत क्लबच्या प्रत्येक रिचार्जेबल पेन्सिल सेलवर, घरी नेलेल्यासुद्धा, पक्क्या मार्करने संचाचे अक्षर, नंबर आणि खरेदीचा महिना लिहावा. उदा. 'क-3, 8/24'. कागदी चिठ्ठी नको. गेल्या उन्हाळ्यात चिठ्ठीचा गोंद सुटून सेल फ्लॅशच्या कप्प्यात असा रुतला, की पक्कडीने ओढावा लागला. अधिक टोकाशी गॅस बाहेर पडायची बारीक भोकं असतात, तीही झाकू नका.

संच फोडायचा नाही. चारही एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे. डबीत चार्ज केलेले सेल अधिक टोक वर करून, उतरलेले अधिक टोक खाली करून ठेवावेत. चार्ज केल्याची तारीख कपाटातल्या वहीत लिहावी, कारण साधा निकेल मेटल हायड्राइड सेल नुसता ठेवूनही उतरतो आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात अधिकच लवकर. गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका.

फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नये, कचऱ्यातही टाकू नये. माझ्याकडे आणून द्यावी.

– साहित्य विभाग