शेवटचा टाका पडल्यानंतरचे तीन तास

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेत जीव दगावला की पहिली शंका भुलीच्या इंजेक्शनवर जाते. डोस चुकला का, प्राणी भूल सोसण्याइतका धडधाकट होता का. हे विचारायलाच हवे. पण ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरे यांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा भुलीशी संबंधित मृत्यूंपैकी कुत्र्यांमध्ये ४७ टक्के आणि मांजरांमध्ये ६१ टक्के मृत्यू शस्त्रक्रिया आटोपल्यानंतरचे निघाले. त्यातही पहिले तीन तास सर्वांत धोक्याचे. तोवर सर्जनने हातमोजे काढलेले असतात, मॉनिटरच्या वायरी गुंडाळून ठेवलेल्या असतात आणि पिंजऱ्याजवळ बहुधा सगळ्यांत नवखा मदतनीस बसवलेला असतो.

पशुपरिचारकांच्या प्रशिक्षणाबाबत आमची मागणी यातूनच आली आहे. भूल आणि अतिदक्षतेच्या प्रात्यक्षिकांचे निम्मे तास भूल उतरण्याच्या काळाला द्यावेत. आज बहुतेक अभ्यासक्रमांत हा भाग शेवटच्या धड्यात उरकला जातो.

वायू बंद केला म्हणजे भूल संपली असे नसते. औषधांचा अंमल हळूहळू ओसरतो आणि त्याच वेळी शस्त्रक्रियेतली ओढाताण थांबल्यामुळे श्वासाला मिळणारी चालनाही थांबते. श्वासनळीत घातलेली नळी असेपर्यंत प्राणी जवळजवळ शुद्ध ऑक्सिजनवर असतो. त्यामुळे श्वास कितीही उथळ असला तरी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवत राहतो. साध्या हवेवर आणले की फुप्फुसातला साठा बघता बघता संपतो आणि उथळ श्वासाचा परिणाम तेव्हा कळतो. नेमकी त्याच वेळी ऑक्सिमीटरची जिभेवरची क्लिप काढलेली असते! म्हणून आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू बंद केल्यावर किमान पाच मिनिटे ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि क्लिप सर्वांत शेवटी काढायची, हे हाताच्या सवयीचे व्हायला हवे.

नळी कधी काढायची, हे घड्याळ पाहून ठरत नाही. कुत्र्याने स्वतःहून गिळायला सुरुवात केली की काढायची. मांजराची थोडी आधी, कानाला किंवा पापणीला स्पर्श करताच हालचाल दिसू लागली की. कारण उशीर केला तर मांजराचा स्वरयंत्राचा भाग आवळून बसतो. चपट्या तोंडाच्या जातींत उलट करायचे. पग किंवा बुलडॉग डोके उचलून, नळी चावू लागेपर्यंत ती राहू द्यायची, कारण त्यांच्या घशातले सैल मांस नळी निघताच श्वासाची वाट बुजवते. अशा प्राण्याजवळ तयार ठेवलेली दुसरी, एक आकार लहान नळी, घशात पाहण्याचा दिवा म्हणजे लॅरिंगोस्कोप आणि पुन्हा भूल देण्याचे औषध भरलेली सिरिंज असल्याशिवाय नळीला हात लावू नये. दातांचे काम झाले असेल तर घशात ठेवलेले गॉज मोजून बाहेर काढायचे. पोटातले पाणी तोंडात आलेले दिसले तर डोके उतरते ठेवून ते सक्शनने ओढून घ्यायचे आणि कफमध्ये (नळीभोवतीच्या फुग्यात) थोडी हवा ठेवूनच नळी ओढायची, म्हणजे कफच्या वर साठलेली घाण नळीबरोबर बाहेर येते.

मग थंडी. भुलीच्या पहिल्या अर्ध्या तासात शरीराच्या आतली ऊब कातडीकडे पसरते आणि तापमान झपाट्याने उतरते. उघडे पोट आणि स्पिरिटने ओले केलेली कातडी त्यात भर घालतात. थंड प्राण्यात औषधे सावकाश निचरतात, रक्त नीट गोठत नाही आणि कुडकुडू लागला की ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणून ऊब देणे शस्त्रक्रियेआधीच्या गुंगीच्या इंजेक्शनपासून सुरू करायचे. गरम पाणी भरलेले हातमोजे किंवा बाटल्या अंगाला लावणे ही जुनी सवय मात्र मोडायलाच हवी. बेशुद्ध प्राणी अंग चोरून घेऊ शकत नाही आणि गार पडलेल्या कातडीत रक्त कमी असल्याने ती उष्णता वाहून नेत नाही. भाजल्याचे डाग काही दिवसांनी उमटतात. गरम हवेचे ब्लँकेट वापरावे, तापमान ३७ अंश सेल्सिअसला आले की ते काढावे.

या काळात काय घडेल, याचे बरेचसे बीज आधीच पडलेले असते. मांजराच्या नळीचा कफ सिरिंजभर हवा ढकलून फुगवला किंवा नळी यंत्राला जोडलेली ठेवूनच मांजर कुशीवरून पाठीवर वळवले, तर श्वासनळी फाटू शकते. टेबलावर काहीच दिसत नाही. नंतर मानेच्या कातडीखाली हवा भरून ती कागदासारखी चुरचुरते आणि श्वास लागतो. एकाने यंत्राची श्वास देण्याची बॅग हलकेच दाबायची, दुसऱ्याने तोंडाजवळ कान देऊन कफमध्ये हवा थोडी थोडी भरायची आणि फुसफुस थांबली की थांबायचे, एवढीच ती कृती. पण ती दोघांनी मिळून पन्नास वेळा केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

भुलीच्या यंत्राची तपासणीही अशीच. जादा वायू बाहेर सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बंद करायचा, यंत्राच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवायचा, दाब ३० सेंटिमीटर पाण्याइतका चढवायचा आणि दहा सेकंद टिकतो का पाहायचे. दाब उतरला तर बॅगेची भेग किंवा सोडा लाइमच्या (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांच्या) डब्याच्या कडेत अडकलेला दाणा शोधायचा. त्यानंतरचा क्रम जिवावरचा आहे: आधी व्हॉल्व्ह उघडायचा, अंगठा नंतर काढायचा. उलट केले की व्हॉल्व्ह बंदच राहून जातो. मग बॅग चेंडूसारखी फुगते, छातीतला दाब हृदयाकडे परतणारे रक्त अडवतो, रक्तदाब कोसळतो आणि फुप्फुसही फाटू शकते. सोडा लाइमचा वापरामुळे बदललेला रंग रात्रभरात पूर्ववत होतो, त्यामुळे संपलेला डबा सकाळी ताजा वाटतो. म्हणून वापराचे तास डब्यावर लिहावेत. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफची रेघ श्वास घेताना शून्यावर येत नसेल तर आधी हा डबा पाहावा, मग यंत्राच्या झडपा.

मॉनिटर वाचायला शिकवणे सोपे आहे, प्राणी वाचायला शिकवणे अवघड. पापणीची प्रतिक्रिया, जबड्याचा ताठरपणा, बुबुळाची जागा, मांडीच्या आतल्या बाजूची नाडी हे दर पाच मिनिटांनी हाताने तपासून लिहायचे. योग्य भुलीत बुबुळ खाली, नाकाकडे वळलेले असते. भूल हलकी असली तरी ते मध्यभागी येते आणि फार खोल गेली तरी मध्यभागीच येते. फरक पापणी आणि जबडा सांगतात. केटामीन हे भुलीचे औषध दिलेल्या प्राण्यात मात्र बुबुळ मध्येच राहते, तिथे हा नियम लावला तर भूल कमी समजून आणखी वायू दिला जातो. कॅप्नोग्राफचा आकडा एकाएकी शून्यावर गेला तर आधी प्राण्याकडे पाहायचे, यंत्राकडे नंतर. नळी निसटली असेल किंवा हृदय थांबले असेल, आणि दुसऱ्या शक्यतेत सेकंद मोजावे लागतात.

हृदय थांबल्यावरचा सराव महिन्यातून एकदा तरी व्हावा आणि तो रिकव्हरीच्या, म्हणजे भूल उतरेपर्यंत ठेवण्याच्या, पिंजऱ्याजवळ, जमिनीवर व्हावा. टेबलावरचा सराव तिथे उपयोगी पडत नाही. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, कुशीवर झोपवून छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. नळी असेल तर सहा सेकंदांनी एक श्वास. अॅड्रेनॅलिनचा डोस किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजराला ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम असलेल्या अँप्युलमधले ०.०४ मिली. एवढे थोडे औषध घाईत मोजता येत नाही आणि दहापट चूक होते. अँप्युल दहापट पातळ करून ०.४ मिली घ्यावे. वजनानुसार मिलीचा तक्ता भिंतीवर असावा, त्या क्षणी कुणालाही गणित करायला लावू नये.

सलाईनचेही तेच. भुलीत मांजराला ताशी किलोमागे ३ मिली धरले तर चार किलोला १२ मिली. ६० थेंबांना १ मिली होणाऱ्या मायक्रोड्रिप सेटवर हे मिनिटाला बरोबर १२ थेंब होतात. ५०० मिलीची बाटली मांजराला सैल लावून कुणी दुसऱ्या कामाला गेले, तर फुप्फुसात पाणी भरते. त्याची पहिली खूण म्हणजे वाढत जाणारा श्वास, आणि तो मोजणारे कुणी हवे. धक्क्यात (शॉकमध्ये) गेलेल्या मांजरात तर नाडी जलद होण्याऐवजी मंद होते, अंग गार पडते, रक्तदाब उतरतो. कुत्र्यांवर शिकलेला परिचारक अशा मांजराला ‘शांत झोपले आहे’ म्हणतो. ही चूक समोर उभे राहून दाखवल्याशिवाय सुटत नाही.

परिचारकाला थांबवण्याचा अधिकारही द्यावा लागेल. सिस्टोलिक (वरचा) रक्तदाब ९० च्या खाली गेला किंवा नाडी लागत नाही असे त्याने सांगितले की सर्जनने हात थांबवून उत्तर द्यायचे, हे डॉक्टरांच्या प्रशिक्षणातही यायला हवे. आणि जो भुलीवर लक्ष ठेवतो त्याला त्या वेळात हत्यारे धुणे, फोन घेणे, पुढच्या प्राण्याचे केस काढणे अशी कामे देऊ नयेत. प्राणी डोके धरून छातीवर बसेपर्यंत, तापमान ३७ ला येईपर्यंत तो तिथून उठणार नाही, आणि उठण्याआधी शेवटची नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग व दिलेल्या वेदनाशामकाची वेळ पुढच्या माणसाला लिहून देईल, एवढे परीक्षेत पास होण्यासाठी बंधनकारक करावे.

प्राणी पाळणाऱ्या वाचकांनी शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी एवढे जरूर विचारावे: नळी काढल्यावर याच्याजवळ कोण बसणार आहे, आणि किती वेळ?

आपले,
प्राण्यांची भूल व अतिदक्षता हा विषय शिकवणारे प्रशिक्षक