पोरं वाया गेली नाहीत, टीमला दम नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर कॅनडातल्या एडमंटन ऑयलर्स या आइस हॉकी टीमबद्दल चार ओळी आल्या होत्या, की या टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन खेळाडूंच्या निवडीत, चार वेळा पहिला नंबर मिळाला आणि तरी लीगचा स्टॅनली कप नाही, म्हणजे पोरं वाया गेली. मी मूळचा साताऱ्याचा, 2009 पासून एडमंटनला राहतो, ही सगळी पोरं डोळ्यासमोर खेळताना बघितलीत, म्हणून राहवलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही बर्फावरची हॉकी आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखी बोली नव्हे. जी टीम तळाला राहते तिला अठरा वर्षांची पोरं आधी निवडायला मिळतात, वर पहिला नंबर कुणाला हे ठरवायला लॉटरी असते. ऑयलर्स 2006 ची फायनल हरले आणि मग सलग दहा सीझन प्लेऑफच नाही, त्यामुळे 2010 ला टेलर हॉल, 2011 ला नुजंट-हॉपकिन्स, 2012 ला याकुपोव्ह आणि 2015 ला मॅकडेविड. मॅकडेविडचं कौतुक टीमला देऊ नका, लॉटरीत साडेअकरा टक्के चान्स होता तो लागला आणि तो पोरगा कुणीही घेतलाच असता.

हॉल चुकीचा पिक, म्हणजे चुकीची निवड, होता का? 2016 मध्ये त्याला एका डिफेन्समनच्या बदल्यात न्यू जर्सीला देऊन टाकला आणि 2018 ला तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला, हार्ट ट्रॉफी घेतली. माझ्या मुलाकडे त्याची 4 नंबरची जर्सी होती, हॉलला देऊन टाकला त्या दिवशी पोरगा जेवला नाही. नुजंट-हॉपकिन्स इथेच टिकला, 2022-23 ला 104 पॉइंट (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) काढले. याकुपोव्हचं मान्य, त्याच वर्षी पुढे मोठे झालेले फोर्सबर्ग 11 वा आणि व्हॅसिलेव्हस्की 19 वा गेला, पण त्या वेळी बहुतेकांच्या यादीत वर याकुपोव्हच होता आणि पहिल्या सीझनला त्याने 48 मॅचमध्ये 17 गोल मारले. इथल्या त्याच्या चार सीझनमध्ये चार कोच झाले, प्रत्येकाचं सांगणं वेगळं, विशीतल्या पोराने कुणाचं ऐकायचं?

खरी गोष्ट कळते ती ड्रायसाइटल आणि पुल्युयार्वी शेजारी ठेवले की. ड्रायसाइटल 2014 चा तिसरा पिक, पहिल्या वर्षी 37 मॅच, फक्त 2 गोल. पण त्याला ज्युनियरला, म्हणजे कोवळ्या पोरांच्या लीगमध्ये, परत पाठवलं, पुढच्या वर्षीही सुरुवात खालच्या लीगमध्ये बेकर्सफील्डला करायला लावली आणि 2020 ला त्याने हार्ट जिंकली. पुल्युयार्वी 2016 चा चौथा, फिनलंडहून आलेला, त्याला थेट मोठ्या टीममध्ये उतरवला, 28 मॅच 1 गोल, मग खाली, मग वर, मग खाली, शेवटी 2019 ला कंटाळून फिनलंडला जाऊन खेळला. एकाला वेळ दिला, दुसऱ्याला ओढाताणीत घातलं, आणि तुम्ही दोघांना एकाच तागडीत तोलताय. त्याच 2016 ला सहावा गेलेला मॅथ्यू टकाचुक पुढे फ्लोरिडा पँथर्स टीमकडून आपल्याच विरुद्ध कप जिंकून गेला हे मलाही टोचतं.

आणि 2015 चा तो ट्रेड तर अजून डोक्यातून जात नाही, 2012 च्या चौथ्या पिकसाठी, ग्रिफिन राइनहार्टसाठी, 16 वा आणि 33 वा असे दोन पिक दिले, 16 व्यावर न्यूयॉर्क आयलंडर्सनी मॅथ्यू बारझाल घेतला, आणि ग्रिफिन इथे जेमतेम 29 मॅच खेळला. त्याचा धाकटा भाऊ सॅम राइनहार्ट 2014 चा दुसरा पिक, बफेलोने सोडला, फ्लोरिडाने उचलला. 2024 च्या फायनलमध्ये सातव्या मॅचचा विजयी गोल त्याचा, 2025 च्या शेवटच्या मॅचमध्ये तर चार गोल त्याचे. 2014 चा पहिला एकब्लॅड, दुसरा राइनहार्ट, चौथा बेनेट, तिघं फ्लोरिडात आणि तिसरा ड्रायसाइटल आमच्याकडे, दोन्ही वर्षं समोरासमोर. त्यातला फ्लोरिडाने स्वतः ड्राफ्टमध्ये घेतलेला फक्त एकब्लॅड, बाकी दोघं दुसऱ्यांनी सोडून दिलेले.

म्हणून विनंती आहे, पुढच्या वेळी कुणाचा पिक फुकट गेला असं छापताना त्या पोराला अठराव्या वर्षी किती मॅच खेळवलं आणि किती कोच बदलले एवढं तरी शेजारी द्या.

आपला वाचक,
एडमंटन, कॅनडा